जॉन चिकाय : आरडाओरड्यातला मितभाषी

जॉन चिकाय हे नाव बहुतेकांना एका यादीत भेटतं. जॉन कोल्ट्रेनच्या 'असेन्शन' या रेकॉर्डवर अकरा वादक आहेत. फरोआ सँडर्स, आर्ची शेप, फ्रेडी हबर्ड, मॅकॉय टायनर, एल्विन जोन्स अशी सगळी मातब्बर मंडळी, आणि त्यांच्यात हे एक नाव, ज्याच्या उच्चारापासूनच अडायला होतं. (इंग्रजी स्पेलिंग 'टी'ने सुरू होतं, तो 'टी' गिळून टाकायचा.) जॅझच्या जाडजूड इतिहासांमध्येही त्याच्या वाट्याला साधारण एवढंच येतं: आई डॅनिश, वडील काँगोचे, अल्टो सॅक्सोफोन वाजवायचा, 'असेन्शन'वर होता, नंतर मायदेशी परतला. पुढचा परिच्छेद दुसऱ्या कुणाचा तरी असतो.

गेली काही वर्षं मी चिकाय जमेल तसा आणि मिळेल तिथून ऐकतो आहे. साठच्या दशकातल्या न्यूयॉर्कमधल्या फ्री जॅझचं एक ठरलेलं चित्र आपल्या डोक्यात असतं. घामाने निथळणारे वादक, वाद्याच्या पट्टीबाहेर जाणाऱ्या किंकाळ्या, शतकानुशतकांचा राग, आणि समोर कानांवर हात ठेवलेले समीक्षक. हे चित्र खोटं आहे असं कुणीच म्हणणार नाही. पण चिकायला त्या चित्राच्या मधोमध बसवून पाहिलं की ते फार अपुरं वाटायला लागतं. तो त्या गर्दीत होता, पहिल्या रांगेत होता, आणि ओरडत नव्हता. तसं त्याने का केलं असावं, त्याने त्या संगीताला काय दिलं, आणि इतिहासाने त्याला इतक्या लवकर का सोडून दिलं, याबद्दल हे टिपण आहे.

सुरुवात 'असेन्शन'पासूनच करू, कारण बहुतेक लोक तिथेच थांबतात.

२८ जून १९६५. न्यू जर्सीतल्या एंगलवुड क्लिफ्समध्ये रूडी व्हॅन गेल्डरचा स्टुडिओ. कोल्ट्रेनने आपल्या नेहमीच्या चौकडीत सात जण वाढवले: आणखी दोन टेनर सॅक्सोफोन, दोन अल्टो, दोन ट्रंपेट आणि एक जास्तीचा बास. त्या दिवशी याच रचनेचे दोन पूर्ण टेक झाले, दोन्ही चाळीस मिनिटांच्या आसपासचे. आधी एक बाजारात आला. मग कोल्ट्रेनला दुसरा जास्त पसंत पडला, तेव्हा गाजावाजा न करता रेकॉर्डवरचं संगीतच बदललं गेलं. वेष्टन तेच राहिलं, फक्त तबकडीच्या आतल्या कडेला 'एडिशन टू' असं कोरलेलं होतं. (आमच्या धंद्यात याला व्हर्जन नंबर न बदलता प्रॉडक्शनवर नवा बिल्ड टाकणं म्हणतात, आणि त्याबद्दल शिव्या बसतात.)

रचना ऐकायला अवघड असली तरी आराखडा साधा आहे. सगळे मिळून वाजवतात, मग एक जण एकटा वाजवतो, मग पुन्हा सगळे, मग पुढचा. सामूहिक भागात काही ठरावीक स्वरसमूह आहेत, पण त्यांच्यापर्यंत कधी आणि कसं पोचायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. अकरा थ्रेड एकाच मेमरीत एकाच वेळी लिहायला लागले की काय होतं हे मला रोजच्या कामातून चांगलं माहीत आहे, त्यामुळे हा भाग ऐकताना माझा हात आपसूक कीबोर्डकडे जातो. तरीही संगीत कोसळत नाही, कारण खाली एल्विन जोन्स आहे. ते असो. मला बोलायचंय ते एकेकट्या भागांबद्दल.

आर्ची शेपचा भाग ऐका आणि लगेच चिकायचा ऐका. शेपचा आवाज रुंद, खरखरीत, कडा विरघळलेला; एक स्वर दुसऱ्यात सांडतो. सँडर्स तर स्वर या गोष्टीलाच मागे टाकतो, त्याच्याकडे नळीतून निघणारा कच्चा ध्वनी आहे. चिकायचा आवाज कोरडा आहे. जवळजवळ कंप नाही. थोडा आंबट, थोडा नाकातला. तीन-चार स्वरांचा एक छोटा आकार तो उचलतो, म्हणतो, पुन्हा म्हणतो, शेवटचा स्वर बदलून म्हणतो, आणि मधेच तोडून टाकतो. पुढचा आकार सुरू व्हायच्या आधी श्वासाएवढी जागा सुटते. भोवती एवढा धुमाकूळ चाललेला असताना ही रिकामी जागा सोडायला धाडस लागतं. बाकीचे ती भरून टाकतील ही भीती कुणालाही वाटली असती.

एका फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मी हे भाग अर्ध्या वेगाने लावून पाहिले. सँडर्स अर्ध्या वेगाने ऐकला की एकावर एक बसलेले ध्वनींचे थर सुटे होतात, एखाद्या खडकाचा छेद पाहावा तसे. चिकाय अर्ध्या वेगाने ऐकला तर वाक्यं ऐकू येतात. कर्ता, क्रियापद, पूर्णविराम. त्या वेगात, त्या गदारोळात, त्याचं व्याकरण शाबूत आहे. अल्टोवरच्या थंड डोक्याच्या वादनाचा जो वारसा ली कोनिट्झपासून येतो, तो चिकायमध्ये स्पष्ट दिसतो आणि समीक्षकांनी तो नोंदवलाही आहे. मात्र कोनिट्झच्या लांबच लांब ओळी त्याने घेतल्या नाहीत. त्याने तापमान घेतलं आणि ओळींचे तुकडे केले.

हे तापमान आलं कुठून, हे समजायला थोडं मागे, कोपनहेगनला जावं लागतं.

चिकायचा जन्म २८ एप्रिल १९३६चा, कोपनहेगनचा. वाढला तो आरहूसमध्ये. लहानपणी व्हायोलिन, मग क्लॅरिनेट आणि अल्टो सॅक्सोफोन. तो तरुण होत होता त्या काळात कोपनहेगन हे जॅझचं एक अजब गाव बनत चाललं होतं. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस स्टॅन गेट्झ तिथे राहायला आला. बासवादक ऑस्कर पेटिफर्ड तिथे राहिला आणि १९६० साली तिथेच वारला. डेक्स्टर गॉर्डन १९६२ साली आला आणि पुढे चौदा वर्षं त्याचा मुक्काम तिथेच होता. बेन वेबस्टर त्याच्या मागोमाग आला. १९७३मध्ये त्याचा मृत्यू अ‍ॅमस्टरडॅमला झाला तरी त्याची कबर कोपनहेगनमध्ये आहे. अमेरिकेतला रोजचा वर्णद्वेष, कामाची मारामार, क्लबमालकांची अरेरावी यांना कंटाळलेल्या काळ्या वादकांना इथे काम मिळायचं, मान मिळायचा, आणि लोक गप्प बसून ऐकायचे. 'जॅझहूस मोंमार्त्र' हा क्लब या सगळ्याचं केंद्र. सेसिल टेलरची नोव्हेंबर १९६२मधली तिथली मैफल रेकॉर्डवर आहे. जानेवारी १९६३मध्ये अल्बर्ट आयलरने कोपनहेगनमध्येच जे रेकॉर्डिंग केलं, त्यात बासवर बसलेला निल्स-हेनिंग ऑर्स्टेड पेडरसन सोळा वर्षांचा होता.

म्हणजे रस्ता ठरलेला होता: न्यूयॉर्कहून कोपनहेगनला. चिकाय त्या रस्त्याने उलटा गेला.

१९६२मध्ये हेलसिंकीला जागतिक युवक महोत्सव भरला होता. तिथे त्याची गाठ आर्ची शेप आणि ट्रंपेटवादक बिल डिक्सन यांच्याशी पडली, आणि लवकरच तो न्यूयॉर्कमध्ये होता. पंचविशी नुकतीच ओलांडलेली, इंग्रजी परक्या वळणाचं, आणि ज्या संगीताने तो झपाटलेला होता त्याची राजधानी समोर. १९६३मध्ये शेप, डॉन चेरी, बासवर डॉन मूर आणि ड्रम्सवर जे. सी. मोझेस यांच्यासोबत 'न्यूयॉर्क कंटेम्पररी फाइव्ह' उभं राहिलं. या गटाची सर्वांत प्रसिद्ध मैफल न्यूयॉर्कची नाहीच. ती १५ नोव्हेंबर १९६३ची आहे, आणि झाली कुठे, तर मोंमार्त्रमध्ये. नावात न्यूयॉर्क मिरवणाऱ्या पाहुण्यांच्या बँडमधून गावातलाच मुलगा गावात वाजवायला आला.

त्या मैफलीत मंकची 'क्रेपस्क्यूल विथ नेली' आहे. मंक स्वतः ही रचना आहे तशी वाजवायचा, तिच्यावर सहसा विस्तार करायचा नाही. फाइव्हनेही ती छोटीच ठेवली आहे. ज्यांना फ्री जॅझ म्हणजे 'काहीही वाजवणं' वाटतं, त्यांनी ही दोन-तीन मिनिटं ऐकावीत. या मंडळींना परंपरा किती तोंडपाठ होती, आणि ती कुठे मोडायची नाही याचंही किती भान होतं, ते कळतं.

तरी माझ्या मते फाइव्ह हा शेप आणि चेरीचा गट आहे. चिकाय तिथे तिसरा आवाज आहे. त्याचं स्वतःचं घर म्हणजे पुढच्या वर्षीचं 'न्यूयॉर्क आर्ट क्वार्टेट'.

या चौकडीबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण चिकायबद्दल जे काही सांगायचं आहे ते इथे सगळ्यात स्वच्छ ऐकू येतं. ट्रॉम्बोनवर रॉसवेल रड: गोरा, येल विद्यापीठात शिकलेला, सुरुवात डिक्सीलँड या जुन्या न्यू ऑर्लिन्स वळणाच्या संगीतातून केलेला, आणि जगभरच्या लोकगीतांच्या अभ्यासात अ‍ॅलन लोमॅक्ससोबत काम केलेला. ड्रम्सवर मिलफर्ड ग्रेव्ह्ज: लॅटिन बँडांतून आलेला, पुढे तबलाही शिकलेला. बासवर आधी लुईस वॉरल, नंतर रेजी वर्कमन. पियानो नाही. पियानो नसला की हार्मनीचं कुंपण जातं. आणि ग्रेव्ह्ज ड्रम्सवर असला की ठोक्याचंही जातं. तो ताल धरत नाही. एकाच वेळी दोन-तीन वेगवेगळ्या चाली तो तरंगत ठेवतो, आणि ऐकणाऱ्याने पाय कुठे आपटायचा हा प्रश्न त्याचा त्याने सोडवायचा. समेची सवय असलेल्या कानाला पहिली काही मिनिटं पायाखालची फरशी काढून घेतल्यासारखी वाटतात. मला अजूनही वाटतात.

अशा वेळी वर दोनच फुंकवाद्यं उरतात, आणि सगळी मदार त्यांच्या आपसातल्या बोलण्यावर येते. रड हा बडबड्या. तो घसरतो, गुरगुरतो, खिदळतो, ट्रॉम्बोनची पूर्ण लांबी वापरतो. चिकाय त्याला मोजकं उत्तर देतो. कधी रडच्या वाक्याची शेपटी पकडून तिच्यातून नवी ओळ काढतो, कधी एकच स्वर धरून ठेवतो आणि रडला त्याच्याभोवती फिरू देतो. रड डिक्सीलँडमधून आला होता हे इथे कामी येतं: जुन्या न्यू ऑर्लिन्सच्या बँडमध्येही ट्रंपेट, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन एकाच वेळी वेगवेगळं वाजवायचे आणि एकमेकांच्या वाटेत यायचे नाहीत. १९६४चं अति-आधुनिक संगीत आणि १९२०च्या दशकातलं संगीत यांच्यातलं हे नातं चिकाय आणि रड यांच्याइतकं सहज फार कमी जणांनी दाखवलं. समकालीनांपैकी अनेक जण ओरडून स्वातंत्र्य मागत होते. या दोघांनी ते मिळालंच आहे असं धरून चालायचं ठरवलं आणि गप्पा सुरू केल्या.

याच १९६४मध्ये ऑक्टोबरच्या पहिल्या चार दिवसांत बिल डिक्सनने न्यूयॉर्कच्या सेलर कॅफेमध्ये 'ऑक्टोबर रेव्होल्यूशन इन जॅझ' नावाने मैफलींची मालिका भरवली, आणि तिच्यातून 'जॅझ कम्पोझर्स गिल्ड' जन्माला आली. क्लबमालक आणि रेकॉर्ड कंपन्यांशी वादकांनी एकत्र येऊन सौदा करायचा, अशी कल्पना. सेसिल टेलर, सन रा, शेप, रड, पॉल आणि कार्ला ब्ले, चिकाय. काळे आणि गोरे एकाच टेबलावर. वर्षभरातच ती मोडली. संघटनांबद्दल लिहायला माझ्यापेक्षा लायक लोक आहेत. पण चिकाय कुठे उभा होता हे पाहायचं तर ती पार्श्वभूमी लक्षात ठेवायला हवी, कारण पुढची गोष्ट तिच्याशिवाय कळत नाही.

२६ नोव्हेंबर १९६४ रोजी क्वार्टेटने ईएसपी-डिस्क या छोट्या कंपनीसाठी आपली पहिली रेकॉर्ड केली. तिच्यातल्या एका भागात कवी लिरॉय जोन्स, म्हणजे नंतरचा अमिरी बराका, आपली 'ब्लॅक दादा निहिलिस्मस' ही कविता वाचतो. कविता गोऱ्या पाश्चात्त्य संस्कृतीविरुद्धच्या हिंसेची आहे, आणि तिथे काहीही झाकलेलं नाही. काही ओळी तर आज वाचताना अंगावर येतात आणि त्यांचा बचाव करावासा मला वाटत नाही. काहीच महिन्यांनी, फेब्रुवारी १९६५मध्ये माल्कम एक्सची हत्या झाली आणि जोन्स गोऱ्या मित्रांचं बोहेमियन जग सोडून हार्लेमला गेला. म्हणजे ही रेकॉर्ड अगदी उंबरठ्यावरची आहे.

आता त्या स्टुडिओत कोण कोण होतं ते पाहा. कवी काळा. ड्रमर काळा. ट्रॉम्बोनवाला गोरा. आणि सॅक्सोफोनवर एक असा माणूस, ज्याची आई गोरी, वडील आफ्रिकन, आणि ज्याच्या पूर्वजांचा अमेरिकेतल्या गुलामगिरीशी संबंध नाही. अमेरिकेच्या हिशोबात तो काळा. डेन्मार्कमध्ये तो डॅनिशही होता आणि कायम वेगळा दिसणाराही. त्या कवितेतल्या 'आम्ही' आणि 'ते' यांत त्याने नेमकं कुठे उभं राहायचं?

संगीतात मिळणारं उत्तर मला फार बोलकं वाटतं. त्या भागात कुणीही आवाज चढवत नाही. जोन्स स्वतःही थंडपणे वाचतो, जवळजवळ बातम्या दिल्यासारखा. वाद्यं कवितेला भडकवत नाहीत, आणि तिच्यावर पाणीही ओतत नाहीत. बाजूने, दबक्या आवाजात चालत राहतात. यामुळे कविता सौम्य होत नाही; उलट शब्द जास्त उघडे पडतात, कारण पार्श्वसंगीताने दिलासाही मिळत नाही आणि चिथावणीही मिळत नाही. काही समीक्षक या भागाला त्या काळातल्या काळ्या रागाचा जाहीरनामा मानतात. कवितेपुरतं ते बरोबर आहे. संगीतासाठी तो शब्द मला पटत नाही. संगीतात मला ऐकू येतो तो शेजारी बसून पूर्ण ऐकून घेणारा माणूस. सहमत आहे की नाही हे तो सांगत नाही, पण उठून जात नाही. मिश्र वंशाच्या, परदेशातून आलेल्या माणसाने त्या खोलीत आणखी काय करायचं होतं? जोरात ओरडून आपला काळेपणा सिद्ध करायचा? तसं करणारे त्या काळात होते. चिकायच्या कोरड्या, न थरथरणाऱ्या स्वरात मला एक प्रकारचा नकार दिसतो. हा माझा अर्थ आहे, पुरावा देता येणार नाही. पण त्याच्या नंतरच्या आयुष्याकडे पाहिलं तर तो अगदीच हवेतला वाटत नाही.

१९६५च्या जुलैत, 'असेन्शन'नंतर तीनेक आठवड्यांत, क्वार्टेटने 'मोहॉक' केली. नाव चार्ली पार्करच्या रचनेचं, आणि ती रचना रेकॉर्डवर आहेही. पण मला जास्त आवडतं ते 'एव्हरीथिंग हॅपन्स टू मी'. ही जुनी, हळवी, जराशी रडगाण्याच्या अंगाने जाणारी धून. चिकाय तिची चेष्टा करत नाही, तिचे तुकडेही करत नाही. तिच्या कडेकडेने चालतो. मूळ चाल पुसट झाली तरी हरवत नाही, आणि खाली ग्रेव्ह्ज आपला ठोक्याशिवायचा कारभार चालू ठेवतो. भावगीतासारखी धून आणि तालाचं इतकं मोकळं अंगण एकत्र नांदू शकतात, हे इथे कळतं. अल्टोचा आवाज इतका उघडा आहे, की एखादा गायक माईकपासून दोन पावलं मागे सरकून गातोय असं वाटतं.

आणि मग १९६६मध्ये तो डेन्मार्कला परतला.

इतिहासग्रंथांत चिकायचा परिच्छेद इथे संपतो. 'परतला' या क्रियापदात एक निकाल असतो. तो मला लगेच ओळखू येतो, कारण माझ्या क्षेत्रात तो रोज ऐकू येतो. ऑनसाइट गेलेला माणूस तीन वर्षांनी परत आला, की चहाच्या टपरीवर त्याच्याबद्दल आवाज खाली आणून बोलतात: व्हिसाचं काही झालं का, नोकरी गेली का, घरी काही प्रॉब्लेम? तो आपणहून आला असेल ही शक्यता सगळ्यात शेवटी विचारात घेतली जाते. न्यूयॉर्क हेच केंद्र, आणि केंद्रातून बाहेर पडलेला तो मागे पडला, हा हिशोब जॅझच्या इतिहासकारांनीही तपासून न पाहता वापरलेला आहे.

प्रत्यक्षात काय झालं? परत आल्यावर त्याने 'कॅडेन्शिया नोव्हा डॅनिका' हा डॅनिश आणि इतर युरोपीय वादकांचा मोठा गट उभा केला. युरोपातल्या मुक्त संगीताची पहिली पिढी त्या वेळी घडत होती, आणि न्यूयॉर्कच्या आतल्या वर्तुळात राहून आलेला माणूस तिच्यात वावरत होता. नेदरलँड्समधल्या 'इन्स्टंट कम्पोझर्स पूल'च्या सुरुवातीच्या दिवसांतही तो होता. मार्च १९६९मध्ये केंब्रिजला योको ओनो आणि जॉन लेनन यांच्या मैफलीत तो ड्रमर जॉन स्टीव्हन्ससोबत वाजवायला आला. ओनोचा आवाज आणि लेननच्या गिटारचा फीडबॅक यांच्या पंचवीसेक मिनिटांच्या त्या तुकड्यात तो शेवटाकडे येतो. तो तुकडा 'लाइफ विथ द लायन्स'वर आहे. म्हणजे बीटल्सवेड्यांच्या घरोघरी चिकायचा सॅक्सोफोन पडून आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांनी रेकॉर्डची ती बाजू दुसऱ्यांदा लावलेली नसणार.

या काळातलं सगळंच मला आवडतं असं नाही. १९६९ची 'अफ्रोडिसियाका' हे कॅडेन्शियाचं सर्वांत महत्त्वाकांक्षी काम. ताफा मोठा, शीर्षकाची रचना रेकॉर्डची अख्खी बाजू भरणारी, पण मला ती पसरट वाटते. छोट्या आकारांत विचार करणाऱ्या माणसाला एवढा मोठा पट झेपला नाही, की ध्वनिमुद्रणात त्याच्या मोकळ्या जागा बुजल्या, हे ठरवता येत नाही. काही जागा सुंदर आहेत. एकूण मात्र मी तिच्याकडे फारसा वळत नाही.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने मैफली जवळजवळ थांबवल्या. योग, ध्यान आणि शिकवणं यांत तो रमला. कारकीर्द म्हणून पाहिलं तर हा खड्डाच आहे, आणि तो नव्हताच असं म्हणायची गरज नाही. त्या वर्षांत शेप आणि सँडर्स यांची नावं रेकॉर्डच्या दुकानांत दिसत राहिली, चिकायचं पुसट झालं. नुकसान झालं, आणि त्याच्या आधीच्या रेकॉर्ड्स ऐकणाऱ्या माणसाला ते जाणवतं. पण शिकवण्याला 'खंड' म्हणणं मला मंजूर नाही. चौघांच्या गप्पांसारखं संगीत करणारा माणूस शिकवायला लागला, यात विसंगती कसली? दुसऱ्याला बोलायला जागा करून देणं हेच तो क्वार्टेटमध्ये करत होता. पुढे त्याने उत्स्फूर्त वादन करू पाहणाऱ्यांसाठी एक पुस्तकही लिहिलं, 'अ‍ॅडव्हाइस टू इम्प्रोव्हायझर्स'. शीर्षकातला 'सल्ला' हा शब्द त्याच्या स्वभावाला शोभणारा आहे. सिद्धान्त नाही, पद्धत नाही, सल्ला.

ऑगस्ट १९७५मध्ये स्वित्झर्लंडमधल्या विलिसाऊ महोत्सवात तो पियानोवादक इरेन श्वाइत्झरसोबत वाजवताना सापडतो, आणि १९७७मध्ये स्टीपलचेस या कोपनहेगनच्याच कंपनीसाठी 'रिअल चिकाय' येते. गिटारवर पिअर डॉर्ये, बासवर तोच ऑर्स्टेड पेडरसन, जो एव्हाना जगातल्या सर्वांत मागणी असलेल्या बासवादकांपैकी एक झालेला होता. ड्रम्स नाहीत. चिकायच्या नंतरच्या कामातली ही माझी सर्वांत आवडती रेकॉर्ड. ड्रम्स नसल्यामुळे शांतता भरून काढायला कुणीच नाही, आणि तो तिच्यात आरामात बसतो. एखादी छोटी, लोकगीतासारखी चाल तो पुन्हा पुन्हा म्हणतो. दर वेळी तिचं वजन एखाद्या मात्रेने सरकलेलं असतं. न्यूयॉर्कमध्ये जे आकार अणकुचीदार होते ते इथे गोलसर झालेत, पण तोडून टाकायची सवय तीच आहे.

ऐंशीच्या दशकात त्याने अल्टो बाजूला ठेवून टेनर हे मुख्य वाद्य केलं. याबद्दल मी थोडा हट्टी आहे: मला त्याचा अल्टोच हवा असतो. टेनरवर त्याचा आवाज ऊबदार होतो, माणूस मऊ होतो, आणि तो आंबट कोरडेपणा कमी होतो. टेनरवरही त्याची वाक्यं आखूडच राहिली हे खरं, आणि टेनरवरचा चिकाय अधिक परिपक्व मानणारे जाणकार आहेत हेही खरं. त्यांनी त्यांचा लेख लिहावा.

१९९० साली डॅनिश सरकारने त्याला तहहयात मानधन सुरू केलं. म्हणजे ज्या देशात परतल्यामुळे तो इतिहासातून गळला, त्या देशाने हा माणूस आमचा आहे असं लेखी दिलं. आणि लगेच पुढच्या वर्षी हा गृहस्थ कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसला राहायला गेला! तिथे दहा वर्षं, मग दक्षिण फ्रान्समध्ये पेर्पिन्यांजवळ. 'परतला' हे क्रियापद त्याला एकदा चिकटलं असेल, पण तो कुठल्याच गावाचा कायमचा रहिवासी दिसत नाही. न्यूयॉर्क हा त्याच्या अनेक मुक्कामांपैकी एक होता, अवघ्या तीनेक वर्षांचा.

१९९९मध्ये क्वार्टेट पुन्हा एकत्र आलं. रड, ग्रेव्ह्ज, वर्कमन, चिकाय, आणि सोबत बराकाही. पुनर्मीलनाच्या रेकॉर्ड्सबद्दल मला एकंदरीतच संशय असतो. साठीच्या लोकांनी तिशीची नक्कल करणं बघवत नाही. हे तसं नाही, कारण मुळात ताकदीवर काही उभंच नव्हतं. किंकाळीला वय लागतं. गप्पांना लागत नाही, फक्त जुने विषय निघतात आणि मधले विराम थोडे लांबतात. ग्रेव्ह्ज मात्र तेव्हाही कुणालाच पायाखाली फरशी देत नाही.

जून २०१२मध्ये बार्सिलोनाच्या विमानतळावर चिकायला मेंदूत रक्तस्राव झाला. त्यातून तो थोडा सावरत होता, पण ८ ऑक्टोबरला पेर्पिन्यांमध्ये गेला. वय ७६.

कुणाला ऐकायला सुरुवात करायची असेल तर माझा क्रम असा: आधी 'मोहॉक'मधलं 'एव्हरीथिंग हॅपन्स टू मी'. मग 'रिअल चिकाय', शक्यतो रात्री. मग शेपची १९६४ची 'फोर फॉर ट्रेन', जिच्यात कोल्ट्रेनच्या रचना आहेत आणि चिकाय-रड ही जोडी दुसऱ्याच्या घरी पाहुणी म्हणून कशी वागते ते ऐकायला मिळतं. मग ईएसपीची पहिली रेकॉर्ड, कवितेसकट, एका बैठकीत. 'असेन्शन' सगळ्यात शेवटी, तेही हेडफोन लावून. शेजाऱ्यांची दारं पातळ असतात.